वैयक्तिक नादारी : अर्ज करण्यापूर्वी वकिलाची पारख कशी करावी

संसदेने २०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता संमत केली, तेव्हा तिच्यात कंपन्यांबरोबरच व्यक्तींसाठीही स्वतंत्र भाग घालण्यात आला होता. कंपन्यांचा भाग लागू झाला आणि त्याची चर्चा रोज वर्तमानपत्रांत होते. व्यक्तींचा भाग मात्र १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच अमलात आला. नोकरदार, किराणा दुकानदार, छोटा कंत्राटदार, एकल मालकीचा कारखाना चालवणारा उद्योजक यांच्यासाठी तो अद्याप कागदावरच आहे. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या अशा व्यक्तीला न्यायालयाचे संरक्षण हवे असेल, तर तिला आजही ब्रिटिश अमदानीतील कायद्याचेच दार ठोठवावे लागते. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी तो कायदा १९०९ चा आहे, तर देशाच्या उर्वरित बहुतेक भागासाठी १९२० चा.

वैयक्तिक नादारीसाठी वकील शोधणाऱ्याने ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, तरी अर्धी पारख होते. ‘नव्या संहितेखाली अर्ज करू, काही महिन्यांत सारे कर्ज माफ होईल’ असे सांगणारा वकील पगारदार किंवा व्यापारी अशिलाला चुकीचे दार दाखवत असतो. उलट, पहिल्याच भेटीत ‘तुम्ही कोणत्या कर्जाचे ऋणको आहात आणि कोणत्या कर्जाचे हमीदार आहात, ते आधी वेगळे करू’ असे म्हणणाऱ्याला निदान विषय ठाऊक आहे, असे समजण्यास हरकत नाही.

‘नादारी’ हा शब्द मराठी घरांत एके काळी फार परिचित होता. गरीब विद्यार्थ्याला मिळणाऱ्या शुल्कमाफीलाही नादारीच म्हणत आणि ती मिळाल्याचे आईवडील समाधानाने सांगत. कायद्यातील नादारी इतकी सोपी नाही. तिच्यात माफी सर्वांत शेवटी येते आणि तिच्याआधी ऋणकोला स्वतःची सारी मालमत्ता न्यायालयाच्या हवाली करावी लागते.

कोणता कायदा, कोणते न्यायालय

मुंबई शहरातील रहिवाशाचा अर्ज १९०९ च्या इलाखा शहर नादारी कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयात दाखल होतो. नादार ठरवल्याचा आदेश झाला की त्याची मालमत्ता ‘ऑफिशियल असायनी’ या न्यायालयीन अधिकाऱ्याकडे जाते. पुणे, नागपूर, कोल्हापूर किंवा वडोदरा येथील रहिवाशाला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू होतो. त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा राज्य सरकारने अधिकार दिलेल्या कनिष्ठ न्यायालयात होतो आणि तेथे हे काम रिसीव्हरकडे सोपवले जाते. ऋणको जेथे सामान्यतः राहतो, व्यवसाय करतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तेथील न्यायालयाकडे अधिकारक्षेत्र असते. मूळ गाव साताऱ्यात आणि नोकरी सुरतेत असणाऱ्याने गावच्या ओळखीच्या वकिलाकडे जाण्यापूर्वी याचा विचार करावा.

त्यातही एक मेख आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी भाग ‘ब’ राज्यांत असलेले प्रदेश १९२० च्या कायद्याच्या मूळ व्याप्तीतून वगळलेले होते. जुने हैदराबाद, मध्य भारत आणि म्हैसूर ही अशीच राज्ये होती. पुढे काही राज्यांनी हा कायदा आपल्याकडे विस्तारित केला, तर काहींनी स्वतःचे कायदे केले. केरळचा नादारी कायदा १९५५ चा आहे आणि कर्नाटकाचा १९६३ चा. त्यामुळे बेळगाव किंवा बंगळूर येथील मराठी कुटुंबाने पुण्याच्या नातेवाइकाने वापरलेला अर्जाचा नमुना जसाच्या तसा उतरवून चालत नाही. मराठवाडा किंवा इंदूर येथील अर्जदाराने वकिलाला थेट विचारावे की येथे कोणता कायदा, कोणत्या विस्ताराने लागू आहे, आणि ते कलम मला दाखवाल का? ज्याला हा प्रश्न अपमानास्पद वाटतो, त्याच्याकडे काम देण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या वकिलाला भेटावे.

हमीदाराचा मार्ग याहून वेगळा आहे. एखाद्या खासगी मर्यादित कंपनीच्या संचालकाने कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल आणि कंपनीने कर्ज थकवले, तर त्याचे प्रकरण २०१६ च्या संहितेखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे, म्हणजेच एनसीएलटीपुढे चालते. तेही कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ज्या खंडपीठाच्या हद्दीत असेल तेथे. नाशिकला राहणाऱ्या हमीदाराला त्यामुळे दिल्लीला जावे लागू शकते. ही व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये वैध ठरवली. मात्र मेहुण्याच्या वैयक्तिक कर्जाला किंवा मित्राच्या एकल मालकीच्या व्यवसायाला जामीन राहिलेला माणूस या संहितेत येत नाही. त्याचा मार्ग पुन्हा जुन्या कायद्याकडेच जातो. हा फरक अर्ज दाखल झाल्यावर लक्षात आला, तर दिलेले शुल्क आणि गेलेला वेळ दोन्ही परत येत नाहीत.

एनसीएलटीपुढे वकिलांखेरीज सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापालही बाजू मांडू शकतात. तेथे नेमला जाणारा ‘रिझोल्यूशन प्रोफेशनल’ मात्र ऋणकोचा वकील नसतो. अर्ज मंजूर करावा की फेटाळावा, याविषयी त्याला न्यायाधिकरणाला अहवाल द्यायचा असतो. त्याच्याशी बोलताना हमीदाराने हे विसरू नये आणि आपला वकील स्वतंत्र ठेवावा. संहितेच्या दुरुस्तीचे विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत मांडले गेले, त्यात हमीदारांशी संबंधित तरतुदींनाही हात घालण्यात आला. तेव्हा आजच्या तारखेला नेमके काय लागू आहे, हे हमीदाराने वकिलाकडून लेखी घेतलेले बरे.

पहिल्या भेटीत वकील काय विचारतो

वकिलाची पारख त्याच्या उत्तरांपेक्षा त्याच्या प्रश्नांवरून अधिक चांगली होते. १९२० च्या कायद्यानुसार ऋणकोच्या अर्जात प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता आणि रक्कम, स्वतःच्या सर्व मालमत्तेचा तपशील आणि किंमत, तसेच पूर्वी कधी असा अर्ज केला होता काय, हे नमूद करावे लागते. त्यामुळे जाणता वकील सर्वप्रथम यादी मागतो. त्या यादीत बँका, पतसंस्था, मोबाइलवरील अॅपचे कर्ज, क्रेडिट कार्ड, भिशी, सोनाराकडील गहाण, सासऱ्यांकडून घेतलेले हातउसने असे सर्व यावे लागते. घरातील बायकोलाही ठाऊक नसलेले एखादे कर्ज येथे पहिल्यांदा कागदावर येते. ही लाज बाजूला ठेवायला लावणे, हेही त्या वकिलाचेच काम आहे.

दुसरा प्रश्न मालमत्तेच्या हस्तांतरणाचा असतो आणि अर्जदार सर्वाधिक फसतो तो येथेच. कर्ज अंगावर येऊ लागले की सदनिका पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने करणे किंवा शेताचा तुकडा भावाच्या नावे चढवणे, हा सल्ला गावोगावी फुकट मिळतो. प्रांतिक नादारी कायद्याच्या कलम ५३ नुसार, हस्तांतरणापासून दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर ऋणको नादार ठरला, तर ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. योग्य मोबदला देऊन सद्हेतूने खरेदी करणाऱ्याला त्यातून संरक्षण आहे. बक्षीस मिळालेल्या पत्नीला ते नाही. अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत बाकीच्यांना डावलून एखाद्याच धनकोला झुकते माप देण्यासाठी त्याचे पैसे चुकते केले असतील, तर कलम ५४ खाली तेही उलटवता येते. ‘आधी घर बायकोच्या नावावर करा, मग अर्ज करू’ असे सुचवणारा वकील अशिलाला वाचवत नसून त्याच्याविरुद्धचा पुरावा तयार करत असतो. मालमत्ता किंवा हिशेबाची पुस्तके लपवल्यास याच कायद्यात एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे.

जे घडून गेले ते मात्र वकिलाला सांगितलेच पाहिजे. अशिलाने व्यावसायिक नात्याने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नुसार वकिलाला मनाई आहे. हे संरक्षण बेकायदा हेतूसाठी घेतलेल्या सल्ल्याला मिळत नाही. मागील वर्षी केलेले बक्षीसपत्र सांगून त्याचे परिणाम विचारणे सुरक्षित आहे. पुढच्या आठवड्यात करायच्या बनावट विक्रीची आखणी त्याच्याबरोबर करणे नाही.

तिसरा प्रश्न तारणाचा. गृहकर्ज किंवा वाहनकर्ज देणाऱ्या तारणधारक धनकोचा तारणावरील हक्क नादारीच्या आदेशाने जात नाही. म्हणजे नादार ठरल्यावरही बँक गहाण घराचा लिलाव करू शकते. बहुतांश कर्ज घरावरच असेल, तर नादारीच्या अर्जाने हाती फारसे लागत नाही. अशा अशिलाला खरी गरज असते ती ऋण वसुली न्यायाधिकरणात काम करणाऱ्या वकिलाची. बँकेची ६० दिवसांची नोटीस आली आहे काय, घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू झाली आहे काय, आणि त्याविरुद्ध न्यायाधिकरणात जाण्याची ४५ दिवसांची मुदत किती उरली आहे, हे तो विचारील. महाराष्ट्रात अशी न्यायाधिकरणे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. शेतजमीन या ताबा कायद्याच्या बाहेर आहे, हे शेतकरी कर्जदाराला वकिलाने आपणहून सांगायला हवे.

चौथा प्रश्न धनादेशांचा. न वटलेल्या धनादेशांचे फौजदारी खटले नादारीच्या अर्जाने आपोआप थांबत नाहीत. २०१६ च्या संहितेतील अंतरिम विरामाचा आधार घेणाऱ्यांनाही सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हा दिलासा नाकारला. ज्याच्यावर असे पाच-सहा खटले चालू आहेत, त्याला फौजदारी काम जाणणारा वकीलही लागतो. एकाच वकिलाने ‘सगळे मीच पाहतो’ म्हणणे सोयीचे वाटले, तरी कोणते काम तो स्वतः करणार आणि कोणते सहकाऱ्याकडे देणार, हे स्पष्ट करून घ्यावे.

अर्ज केल्याने काय थांबते आणि काय थांबत नाही

जुन्या कायद्यांविषयीची एक अपेक्षा वकिलाने सुरुवातीलाच खाली आणली पाहिजे. अर्ज दाखल होताच वसुलीचे फोन बंद होतील, असे अनेकांना वाटते. प्रांतिक कायद्यात खरे संरक्षण नादार ठरवल्याच्या आदेशानंतर मिळते. त्यानंतर धनकोला न्यायालयाच्या परवानगीविना मालमत्तेविरुद्ध कारवाई करता येत नाही, आणि अटकेपासून संरक्षणाचा आदेशही मागता येतो. अर्ज आणि आदेश यांमधला काळ मोकळाच असतो. त्या काळात काय करायचे, याची योजना नसलेला वकील निवडू नये. वसुली प्रतिनिधींनी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे निर्देश आहेत. त्यांचा भंग होत असल्यास तक्रारीसाठी नादार होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरीकडे, कर्जापायी तुरुंगात जाण्याची भीतीही वाजवीपेक्षा मोठी केली जाते. पैशाच्या हुकूमनाम्याच्या दरखास्तीत दिवाणी कैद होऊ शकते, पण ती रक्कम ५,००० रुपयांहून अधिक असल्यास जास्तीत जास्त तीन महिन्यांची. पैसे असूनही न देणारा आणि देण्यास खरोखर असमर्थ असलेला, यांत फरक केलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे. शिवाय अटक झालेल्या ऋणकोला ‘तुम्ही नादारीसाठी अर्ज करू शकता’ असे सांगणे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५५ नुसार न्यायालयाचे कर्तव्य आहे. या भीतीचे भांडवल करून घाईने वकीलपत्रावर सही घेणाऱ्यापासून सावध राहावे.

घरातील काय जाते आणि काय राहते, हेही वकिलाने उलगडून सांगायला हवे. दिवाणी संहितेच्या कलम ६० खाली जी मालमत्ता जप्त करता येत नाही, ती नादारीतही ऋणकोकडेच राहते. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरुण-पांघरुण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, ही त्यांपैकी काही. मंगळसूत्र जाईल या धास्तीने रात्र रात्र न झोपणाऱ्या कुटुंबाला एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात.

मग शेवटी काय सुटते? ऋणमुक्तीचा आदेश मिळाला, तरी सरकारचे देणे, फसवणुकीतून उद्भवलेले देणे आणि पोटगीची जबाबदारी त्यातून सुटत नाही. जामीनदारही सुटत नाही. ज्या भावाने किंवा सहकाऱ्याने कर्जावर जामीन म्हणून सही केली, त्याच्याकडे धनको आधीपेक्षा जोमाने वळतो. अर्जाचा निर्णय घेताना या माणसाला बोलावून घ्या, असे सांगणारा वकील भेटला तर अशिलाने नशीब समजावे. ऋणमुक्त न झालेल्या नादाराला खासदार किंवा आमदार होता येत नाही, हे बहुतेकांच्या दृष्टीने गौण. पण १९२० च्या कायद्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची निवडणूकही त्याला बंद होते, आणि ग्रामपंचायतीच्या राजकारणात असणाऱ्याला ते गौण वाटत नाही.

‘अर्ज करू नका’ असे सांगणारा वकील

नादारीचा अर्ज न्यायालयाच्या परवानगीविना मागे घेता येत नाही. ही एकच तरतूद अशी आहे की वकिलाने आधी दुसरे मार्ग तपासले आहेत काय, हे विचारणे अशिलाचा हक्क ठरतो. कर्ज प्रामुख्याने विनातारण आणि एक-दोन बँकांचे असेल, तर तडजोडीने एकरकमी परतफेड अनेकदा अधिक सोयीची असते. मात्र पत अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद राहील, याची जाणीव वकिलाने द्यावी आणि तडजोडीचे पत्र बँकेच्या शीर्षकपत्रावर घेतल्याशिवाय एक रुपयाही भरू देऊ नये. लोक अदालतीत झालेली तडजोड दिवाणी हुकूमनाम्यासारखीच बंधनकारक असते.

महाराष्ट्रात कर्ज विनापरवाना सावकाराचे असेल, तर प्रश्नच बदलतो. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे तक्रार करता येते आणि अवैध सावकारीतून बळकावलेली स्थावर मालमत्ता १५ वर्षांपर्यंतच्या व्यवहारांत परत मिळवण्याची तरतूद त्यात आहे. असे देणे नादारीच्या यादीत मुकाट्याने मान्य करून टाकणे, हे अशिलाचे नुकसान करणे होय.

मोठ्या शुल्काची आशा सोडून ‘तुमच्यासाठी नादारी नाही’ असे सांगणारे वकील असतात. ते ओळखण्याची युक्ती सोपी आहे. एकाच कागदपत्रांसह किमान दोघांना भेटावे आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारावा : अर्ज केला नाही, तर माझे पुढच्या वर्षभरात काय होईल? ज्याच्या उत्तरात तारखा, न्यायालये आणि रकमा असतील, तो विचार करून बोलत असतो. ज्याच्या उत्तरात केवळ भीती असेल, त्याच्याकडे परत जाऊ नये.

सनद, शुल्क आणि हितसंबंध

वकिलांना जाहिरात करण्यास भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ३६ नुसार मनाई आहे. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, पात्रता आणि कामाचे क्षेत्र देण्याची मुभा आहे, त्यापलीकडे नाही. म्हणून समाजमाध्यमांवर ‘शंभर टक्के कर्जमुक्ती’, ‘हप्ते भरणे आजच थांबवा’ अशी हमी देणाऱ्या संस्था वकिलाचे कार्यालय आहेत असे मानू नये. त्या दरमहा शुल्क घेऊन बँकेशी बोलणी करण्याचे आश्वासन देतात; न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली सनद असलेल्यालाच आहे. सनदेचा क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. महाराष्ट्र व गोवा विधिज्ञ परिषदेकडे किंवा त्या त्या राज्याच्या परिषदेकडे त्याची खातरजमा करता येते. ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने प्रकरणे शोधण्याची सोय आहे. वैयक्तिक नादारीचे अर्ज एकूणच कमी असल्याने तेथे फार मोठी संख्या दिसणार नाही. दिवाणी दरखास्ती, जप्ती आणि वसुलीचे काम नियमित करणारा वकीलही पुरेसा ठरतो.

जिल्ह्याच्या ठिकाणी एक अडचण हमखास येते. अनुभवी दिवाणी वकील बहुधा कोणत्या ना कोणत्या बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या पॅनेलवर असतात. धनकोशी आपला काही संबंध असल्यास तो अशिलाला पूर्णपणे उघड करणे, हे वकिलाचे व्यावसायिक कर्तव्य आहे. त्यामुळे धनकोंची यादी त्याच्यापुढे ठेवताच ‘यांपैकी कोणाचे काम तुम्ही करता किंवा केले आहे काय’ हा प्रश्न विचारावा.

शुल्काबाबत एक गोष्ट पक्की आहे. निकालावर अवलंबून असलेले शुल्क किंवा वाचलेल्या रकमेतील टक्केवारी ठरवण्यास वकिलाला मनाई आहे. ‘जेवढे कर्ज माफ होईल त्याचे दहा टक्के’ हा सौदा नियमबाह्य आहे. अर्ज तयार करणे, नादार ठरवण्याची सुनावणी, रिसीव्हरपुढील काम आणि शेवटचा ऋणमुक्तीचा अर्ज यांचे शुल्क टप्प्याटप्प्याने, लेखी आणि पावतीसह ठरवावे. यातील शेवटचा टप्पा सर्वाधिक दुर्लक्षिला जाण्याजोगा आहे. नादार ठरवताना न्यायालय ऋणमुक्तीसाठी अर्ज करण्याची मुदत नेमून देते. त्या मुदतीत अर्ज केला नाही, तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो आणि मग न्यायालयाच्या परवानगीविना दुसरा अर्जही करता येत नाही. सारी मानहानी सोसून हाती काहीच न उरण्याची ही वाट आहे. वकीलपत्र देतानाच ‘ऋणमुक्तीचा अर्ज तुमच्या शुल्कात धरला आहे ना’ असे विचारावे.

ज्याच्याकडे शुल्कासाठीही पैसे नाहीत, त्याने जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० देशभर चालतो. मोफत वकिलालाही वरील सर्व प्रश्न विचारता येतात.

वकिलाशी बिनसले तर

वकिलाच्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगात दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. त्यामुळे निवडीतील चुकीवर नंतरचा इलाज अवघड झाला आहे. गैरवर्तन असेल तर राज्य विधिज्ञ परिषदेकडे अधिवक्ता कायद्याच्या कलम ३५ खाली तक्रार करता येते. समज देणे, सनद निलंबित करणे किंवा ती काढून घेणे, ही शिक्षा तेथे होऊ शकते. निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई हवी असल्यास दिवाणी दावाच उरतो, आणि नादाराकडे त्यासाठी बळ कोठून असणार?

वकील बदलण्याचा हक्क मात्र कोणी हिरावू शकत नाही. नवा वकील आधीच्या वकिलाची संमती मागतो. ती न मिळाल्यास न्यायालयाची परवानगी घेता येते. शुल्क बाकी आहे म्हणून अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार वकिलाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. तरीही मूळ कागद कोणाकडेही देऊ नयेत. धनकोंची यादी, कर्जाचे करार, बँकांच्या नोटिसा, हुकूमनामे, सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, मागील तीन वर्षांची बँक विवरणपत्रे आणि आयकर विवरणे यांच्या छायांकित प्रतींचा एक संच वकिलाला द्यावा आणि दिलेल्या कागदांच्या यादीवर त्याची तारखेसह सही घ्यावी. दुसरा संच घरी राहू द्यावा.